साक्ष कोणाची? : अभिजात रहस्यकथेतील शोधकांची तुलना

शेरलॉक होम्स श्रेष्ठ की हर्क्युल पॉयरो, फादर ब्राउन अधिक खोल की मिस मार्पल अधिक चतुर, हा रहस्यकथांच्या वाचकांमधील वाद जुना आहे आणि तो बहुधा बुद्धीच्या मोजमापावरच लढवला जातो. कोणी अधिक अवघड गुन्हा उलगडला, कोणाला कमी धागेदोरे पुरले, कोणाला चकवणे अपराध्याला अधिक जड गेले, अशी गणिते त्यात मांडली जातात. हे मोजमाप मुळातच फसवे आहे, कारण कथेतील गुन्हा आणि त्याची उकल ही दोन्ही एकाच लेखणीतून उतरलेली असतात, आणि ज्याने कुलूप घडवले त्यानेच किल्लीही घडवली असेल तर ती किल्ली लागली याचे श्रेय किल्लीला देता येत नाही. शोधकांमधील खरा भेद शोधायचा तर वेगळा प्रश्न विचारावा लागतो: सत्य कळण्याचा मार्ग म्हणून हा शोधक कशावर भरवसा ठेवतो, आणि तो भरवसा ठेवताना कोणत्या माणसांची साक्ष त्याला ग्राह्य वाटते? प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की शोधकाची थोरवी त्याच्या तर्काच्या वेगावर अवलंबून नसून, समाजाने ज्यांच्याकडे पाहणे सोडून दिले आहे अशा माणसांपर्यंत त्याची नजर पोहोचते की नाही, यावर अवलंबून असते.

आरंभी संज्ञांचा थोडा खुलासा आवश्यक आहे. मराठीत रूढ झालेला 'गुप्तहेर' हा शब्द या चर्चेत अडचण निर्माण करतो, कारण हेर हा राजसत्तेचा माणूस असतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील गूढपुरुष असोत की शिवकाळातील बहिर्जी नाईक असोत, ओळख लपवून शत्रूच्या गोटातील बातमी धन्याकडे पोहोचवणे हे त्यांचे काम होते. अभिजात रहस्यकथेच्या नायकाचे काम याच्या जवळजवळ उलटे असते. प्रसंगी त्याने वेषांतर केले तरी एरवी तो आपले नाव सांगून दारातून आत येतो, आणि त्याला जे कळते ते शेवटी चारचौघांसमोर उघड केले जाते. म्हणून येथे त्याच्यासाठी 'शोधक' हा शब्द योजला आहे. 'अभिजात रहस्यकथा' म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जन्मलेला आणि दोन महायुद्धांच्या दरम्यान ऐन बहरात आलेला तो कथाप्रकार, ज्यात गुन्हा बहुधा आधीच घडून गेलेला असतो, संशयितांचे वर्तुळ मर्यादित असते आणि उत्तर काढण्यास पुरतील इतक्या खुणा वाचकासमोरही ठेवलेल्या असतात. थरारकथेचा वाचक पुढे काय होईल या उत्कंठेने पान उलटतो, तर रहस्यकथेचा वाचक आधी काय होऊन गेले हे जाणून घेण्यासाठी पान उलटतो. म्हणूनच रहस्यकथेचा गाभा हा ज्ञानाचा प्रश्न आहे.

ज्ञानाच्या प्रश्नासाठी भारतीय तत्त्वचिंतनाने फार पूर्वीच नेमकी परिभाषा तयार केली आहे. यथार्थ ज्ञानाच्या साधनाला 'प्रमाण' म्हणतात, आणि न्यायदर्शनाने अशी चार प्रमाणे मानली आहेत. इंद्रियांनी थेट कळते ते प्रत्यक्ष. धूर पाहून डोंगरावर अग्नी आहे असे ठरवणे हे अनुमान, ज्याचा आधार 'जेथे धूर तेथे अग्नी' हा नित्यसंबंध म्हणजे व्याप्ती हा असतो. ठाऊक असलेल्या वस्तूशी असलेल्या साम्यावरून नवी वस्तू ओळखणे हे उपमान. आणि विश्वासार्ह व्यक्तीच्या वचनातून कळते ते शब्दप्रमाण. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती यांनी यांत अर्थापत्ती आणि अनुपलब्धी अशा आणखी दोन प्रमाणांची भर घातली. होम्स किंवा पॉयरो यांच्या निर्मात्यांनी ही परिभाषा समोर ठेवून लेखन केले असा दावा येथे नाही, आणि प्रत्येक शोधक गरजेप्रमाणे सर्वच प्रमाणे वापरतो हेही उघड आहे; तथापि प्रत्येकाचा भर एका विशिष्ट प्रमाणावर असतो, आणि त्या भरामुळेच त्याची सामर्थ्ये जशी ठरतात तशा त्याच्या मर्यादाही ठरतात.

या परंपरेचा आरंभ अमेरिकी लेखक एडगर ॲलन पो यांच्या १८४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पॅरिसमधील रू मॉर्ग नावाच्या रस्त्यावरच्या हत्यांच्या कथेपासून मानला जातो, आणि तो काळ अर्थपूर्ण आहे. लंडनच्या महानगर पोलिसदलाची स्थापना १८२९ मध्ये झाली आणि त्याची गुन्हेशोधक शाखा १८४२ मध्ये सुरू झाली. छळ करून मिळवलेल्या कबुलीची जागा हळूहळू पुरावा घेत होता. पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येणार नाही, हे १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यातील तत्त्व त्याच शतकाच्या विचारातून आलेले आहे. पो यांच्या कथेतील द्युपाँ हा शोधक वृत्तपत्रांत आलेल्या साक्षी वाचतो आणि त्यांतील एका विसंगतीवर बोट ठेवतो: बंद खोलीतून ऐकू आलेला एक कर्कश आवाज परक्या भाषेतला होता असे सर्व साक्षीदार सांगतात, पण प्रत्येक जण जी भाषा स्वतःला येत नाही तीच त्या आवाजाची भाषा असल्याचे सांगतो. फ्रेंच माणसाला ती स्पॅनिश वाटते, स्पॅनिश माणसाला इंग्रजी, इंग्रजाला जर्मन. यावरून तो आवाज माणसाचाच नव्हता या निष्कर्षाकडे द्युपाँ जातो. रहस्यकथेचा पहिलाच मोठा निष्कर्ष असा शब्दप्रमाणाच्या परीक्षेतून निघाला, आणि माणूस ज्याला परका समजतो त्याच्याविषयी किती सहज खात्रीने बोलतो, हे सत्यही त्यात नोंदले गेले.

आर्थर कॉनन डॉइल यांनी १८८७ मध्ये निर्माण केलेला आणि चार कादंबऱ्या व छपन्न कथांतून वावरलेला शेरलॉक होम्स हा अनुमानाचा सम्राट आहे. डॉइल हे वैद्यकाचे पदवीधर होते, आणि रोगी बोलण्याआधीच त्याचा व्यवसाय व व्याधी ओळखणारे एडिंबरोचे शल्यचिकित्सक जोसेफ बेल हे होम्सचे मूळ होते. म्हणून होम्सची पद्धत निदानाची आहे, लक्षणावरून कारणाकडे जाणारी. तिला तो स्वतः निगमन म्हणतो, म्हणजे सर्वमान्य नियमावरून विशिष्ट निष्कर्ष काढण्याची अचूक प्रक्रिया. परंतु अमेरिकी तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स यांनी केलेल्या वर्गीकरणाप्रमाणे ही तर्काची वेगळीच जात आहे, जिच्यात दिसणाऱ्या खुणांचा सर्वांत समाधानकारक खुलासा कोणता हे कल्पनेने सुचवले जाते आणि मग ते तपासले जाते. अशक्य पर्याय वगळत जावे आणि जो उरेल तो कितीही विलक्षण वाटला तरी स्वीकारावा, हे होम्सचे प्रसिद्ध सूत्र न्यायसूत्रांच्या भाष्यकारांनी वर्णिलेल्या शेषवत् अनुमानाच्या एका अर्थाशी जुळते. इतर शक्यतांचा निरास झाल्यावर शेष राहते त्याचे ते ज्ञान होय.

होम्सची बुद्धी सर्वांत लखलखीत दिसते ती १८९२ च्या 'सिल्व्हर ब्लेझ' या कथेत. शर्यतीचा घोडा रात्री तबेल्यातून नाहीसा होतो, तबेल्यात कुत्रा असतो आणि तो भुंकत नाही; माळ्यावर झोपलेल्या पोरांची झोपही मोडत नाही. इतरांच्या दृष्टीने यात सांगण्यासारखे काहीच नसते, तर होम्सच्या दृष्टीने रात्री आलेला माणूस कुत्र्याच्या ओळखीचा होता हे त्यातच सांगितलेले असते. अनुपलब्धी म्हणजे वस्तूच्या न आढळण्यातून होणारे अभावाचे ज्ञान; अभाव प्रत्यक्षानेच कळतो की त्यासाठी वेगळे प्रमाण मानावे, यावर नैयायिक आणि भाट्ट यांच्यात दीर्घ वाद झाला. होम्स त्या अभावालाच पुढील अनुमानाचा हेतू बनवतो. जे घडले नाही तेही वाचता येते, हा या कथेने वाचकाला दिलेला धडा रहस्यकथेच्या पलीकडेही उपयोगी आहे. कोण बोलले याइतकेच कोण गप्प राहिले हे पाहण्याची सवय इतिहासाच्या अभ्यासकालाही लावून घ्यावी लागते.

तथापि होम्सच्या अनुमानाची मर्यादा त्याच्या व्याप्तींत आहे. बोटांवरचे डाग, बाहीची झीज, बुटाला लागलेली माती यांच्याशी व्यवसायाचा संबंध त्याने पक्का बसवलेला आहे. 'रेड हेडेड लीग' या कथेत तो दुकानातल्या नोकराच्या चेहऱ्याऐवजी त्याच्या पाटलोणीचे गुडघे पाहतो आणि त्यावरून भुयार खणले जात असल्याचे ताडतो. माणसाच्या मनाचे मात्र असे तक्ते होत नाहीत. 'यलो फेस' या १८९३ च्या कथेत पत्नी पतीपासून काहीतरी लपवते आहे एवढ्यावरून होम्स धमकावणारा पहिला नवरा कल्पितो, आणि प्रत्यक्षात तेथे निघते ती पहिल्या विवाहातून झालेली, कृष्णवर्णीय पित्याची लहान मुलगी, जिला दुरावा सहन न होऊन आईने लपवून जवळ आणले आहे. आईची माया ही शक्यताच त्याच्या हिशेबात नसते, म्हणून त्याचे अनुमान हेत्वाभास ठरते, म्हणजे कारणासारखे दिसणारे पण कारण नसलेले काहीतरी त्याने कारण मानलेले असते. ही चूक तो प्रांजळपणे मान्य करतो, हा त्याचा मोठेपणा होय. 'साइन ऑफ फोर' या कादंबरीत अंदमानच्या आदिवासीचे जे हिंस्र, ओंगळ चित्र येते तेही अशाच कच्च्या व्याप्तीचे फळ आहे. तेथे व्यक्ती पाहण्याआधीच वंशाचा शिक्का उमटवलेला आहे. याच्या तुलनेत विल्की कॉलिन्स यांची १८६८ ची 'मूनस्टोन' अधिक न्यायी वाटते, कारण तिच्यात श्रीरंगपट्टणच्या लुटीत हिरा बळकावणारा इंग्रज अधिकारी हा पहिला चोर ठरतो आणि हिरा अखेर सोमनाथाकडे परत जातो.

अगाथा ख्रिस्ती यांचा बेल्जियन शोधक हर्क्युल पॉयरो १९२० मध्ये अवतरला तो पहिल्या महायुद्धातील निर्वासित म्हणून, आणि त्याचे सामर्थ्य त्याच्या परकेपणाशी बांधलेले आहे. जमिनीवर रांगत राख आणि ठसे शोधणाऱ्या शोधकाची तो सरळ थट्टा करतो. त्याचे क्षेत्र शब्द हे आहे. त्याच्या दृष्टीने माणसाला बोलू द्यावे, पुष्कळ बोलू द्यावे, कारण सत्य लपवू पाहणारा माणूस खोटे बोलतानाही आपल्याविषयी काही खरे सांगून जातो. आपण मोडके इंग्रजी मुद्दाम बोलतो, म्हणजे समोरचा आपल्याला क्षुल्लक समजून बेसावध होतो, असा खुलासा तो 'थ्री ॲक्ट ट्रॅजेडी' या कादंबरीच्या शेवटी करतो. शब्दप्रमाणाची अट अशी की बोलणारा आप्त असावा, म्हणजे विषय जाणणारा आणि तो जसा आहे तसा सांगू इच्छिणारा असावा. १९२६ च्या 'मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' या कादंबरीत ख्रिस्तींनी कथा सांगणाऱ्यालाच अपराधी ठरवले तेव्हा अनेक वाचकांना ती फसवणूक वाटली. वस्तुतः निवेदक हा आप्तच असतो ही वाचकाची न तपासलेली श्रद्धा तेवढी त्यांनी तपासून दाखवली. निवेदकाने एकही उघड असत्य न सांगता केवळ काही गोष्टी गाळल्या होत्या.

शब्दाच्या या तत्त्वज्ञानाची परिणती १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कर्टन' या पॉयरोच्या अखेरच्या कादंबरीत होते. तिच्यातील अपराधी स्वतः शस्त्र उचलत नाही. तो योग्य क्षणी योग्य शब्द उच्चारतो आणि इतरांच्या मनातील सुप्त द्वेष कृतीपर्यंत नेतो. ज्याने आयुष्यभर शब्दांतून गुन्हे ओळखले त्याच्यासमोर शब्दांनीच गुन्हे घडवणारा माणूस उभा राहतो, आणि कोणत्याही न्यायालयात सिद्ध न होणारा हा अपराध थांबवण्यासाठी पॉयरो स्वतः हत्या करतो. कळणे आणि सिद्ध करता येणे यांत किती अंतर असते, हे रहस्यकथेने येथे जितक्या कठोरपणे मान्य केले तितके क्वचितच केले असेल.

जी. के. चेस्टरटन यांचा फादर ब्राउन हा कॅथलिक धर्मगुरू १९१० मध्ये प्रथम अवतरला, आणि त्याची पद्धत वर सांगितलेल्या कोणत्याच प्रमाणात नीट बसत नाही. तिला मराठीत सर्वांत जवळचा शब्द 'परकायाप्रवेश' हा आहे. गुन्हेगाराचे बाहेरून निरीक्षण करण्याऐवजी, कोणत्या मनःस्थितीत आपण स्वतः हे कृत्य केले असते हे तो आपल्या अंतःकरणात शोधतो, आणि ती मनःस्थिती सापडली की माणूसही सापडतो. पापाची बीजे आपल्यातही आहेत ही जाणीव त्यासाठी लागते, म्हणून त्याचे ज्ञान त्याच्या नम्रतेपासून वेगळे काढता येत नाही. तो बुद्धीचा शत्रू आहे असे मात्र नाही. 'ब्लू क्रॉस' या पहिल्याच कथेत धर्मगुरूच्या वेषातील चोर त्याला ओळखू येतो तो विवेकबुद्धीची निंदा केल्यामुळे, कारण तसे करणारा खरा धर्मशास्त्री असणार नाही हे ब्राउनला ठाऊक असते.

ब्राउनची 'इनव्हिजिबल मॅन' ही कथा या लेखाच्या प्रतिपादनाच्या केंद्रस्थानी आहे. एका इमारतीवर चार माणसे पहारा ठेवून असतात, आत खून होतो, आणि आत कोणीही गेले नाही असे चौघेही प्रामाणिकपणे सांगतात. बर्फात पावलांच्या खुणा मात्र असतात. आत गेलेला माणूस होता टपालवाला. तो सर्वांच्या डोळ्यांसमोरून गेला, परंतु रोज येणाऱ्या टपालवाल्याला 'कोणी' म्हणून मोजण्याची सवयच कोणाला नव्हती. येथे डोळे निकामी झाले नव्हते आणि साक्षीदार खोटेही बोलत नव्हते. समाजाच्या उतरंडीनेच प्रत्यक्षाला आंधळे केले होते. टपालवाला अपराधी निघाला हा कथेचा योगायोग झाला, तर सेवा देणारा माणूस सेवा घेणाऱ्याला दिसेनासा होतो, हा तिचा सिद्धान्त झाला. रहस्यकथा समाजशास्त्राच्या इतक्या जवळ याआधी क्वचितच आली होती.

या सिद्धान्ताचे पूर्ण रूप मिस जेन मार्पल हिच्यात दिसते. १९२७ मध्ये एका लघुकथेतून आणि १९३० मध्ये कादंबरीतून आलेली ही सेंट मेरी मीड या खेड्यातील वृद्ध अविवाहिता ज्या प्रमाणावर उभी आहे ते उपमान होय. नैयायिकांचे नेहमीचे उदाहरण असे: गवय हा गायीसारखा असतो असे ज्याने ऐकले आहे तो रानात तसा प्राणी पाहताच 'हाच गवय' असे ओळखतो. मार्पल संशयिताला पाहते आणि तिला गावातला एखादा मासेविक्रेता, एखादा औषधविक्रेता, एखादी मोलकरीण आठवते; साम्य वरवरचे नसते, ते वर्तनाच्या घाटात असते. उपमानाचा धोका असा की साम्य पाहता पाहता साचा तयार होतो, आणि साचा हा पूर्वग्रहाचा सख्खा भाऊ असतो. त्यापासून मार्पल बऱ्याच अंशी वाचते, कारण तिची तुलना एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे जाते, वंशाकडून माणसाकडे येत नाही. आणि आपल्या गावातील प्रतिष्ठितांविषयीही तिला गैरसमज नाहीत.

तिच्या पहिल्याच कथेत तिच्या ज्ञानाची जात स्पष्ट होते. एका पतीने लिहिलेल्या पत्राचा ठसा टीपकागदावर उमटलेला असतो. पत्नीचा मृत्यू आणि 'शेकडो व हजारो' असे शब्द त्यात दिसतात, आणि जमलेले सुशिक्षित लोक ते पैशाचे आकडे समजतात. मार्पलला ठाऊक असते की इंग्लंडमधील स्वयंपाकघरात हे नाव गोड पदार्थावर पेरण्याच्या रंगीत साखरदाण्यांचे आहे, आणि विष तेथूनच गेले असणार. स्कॉटलंड यार्डच्या निवृत्त आयुक्ताला जे उलगडले नाही ते स्वयंपाकघरात वावरलेल्या बाईला उलगडते. ज्या ज्ञानाला कोणत्याही विद्यापीठात स्थान नव्हते, ज्याला 'बायकांच्या गप्पा' म्हणून बाजूला सारले जात होते, त्याला ख्रिस्तींनी प्रमाणाचा दर्जा दिला. १९५३ च्या 'पॉकेट फुल ऑफ राय' मध्ये श्रीमंत घरात तीन खून होतात, आणि मार्पल तेथे येते ती त्या घरच्या कोणासाठी नव्हे, तर मारली गेलेली मोलकरीण ग्लॅडिस हिच्यासाठी. ग्लॅडिसला तिने स्वतः घरकाम शिकवलेले असते, आणि खुन्याने प्रेताच्या नाकाला कपडे वाळत घालण्याचा चिमटा लावून केलेली विटंबना तिला सहन होत नाही. होम्सने नोकराचे गुडघे पाहिले, ब्राउनने सर्वांना न दिसलेला टपालवाला पाहिला, तर मार्पलने मोलकरणीला माणूस म्हणून पाहिले आणि तिच्यासाठी क्रोध केला.

या तुलनेवर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. रहस्यकथा हे कोडे आहे, तिचे मूल्य कोड्याच्या चोखपणात आहे आणि शोधकाची माणुसकी हा विषयांतराचा भाग आहे, असे मानणारी भक्कम परंपरा आहे. एस. एस. व्हॅन डाइन यांनी १९२८ मध्ये वीस नियम मांडले आणि रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये दहा. शोधकाने योगायोगावर विसंबू नये, त्याला सापडलेली प्रत्येक खूण वाचकालाही दाखवावी, अशा या नियमांमुळे कथेला खेळाची शिस्त आली. ही शिस्त मोलाची आहे, कारण वाचकाला बरोबरीचा मान देण्याची नीती तिच्यात आहे. परंतु कोडे एकदा सुटले की संपते, आणि होम्स, ब्राउन, मार्पल यांच्या कथा उत्तर ठाऊक असूनही लोक पुन्हा पुन्हा वाचतात. काटेकोर नियमांच्या या काळात लिहिल्या गेलेल्या, केवळ कोडे म्हणून निर्दोष असलेल्या पुष्कळ कथा विस्मरणात गेल्या. पुनर्वाचनात टिकते ती पाहण्याची एक रीत. शोधकाच्या डोळ्यांनी ओळखीचे जग पुन्हा एकदा निरखण्याचा अनुभव टिकतो. म्हणून माणुसकीचा विचार हा विषयांतर ठरत नाही.

सत्य कळल्यानंतर शोधक काय करतो, ही तुलनेची दुसरी कसोटी आहे. 'केस ऑफ आयडेंटिटी' या कथेत एका तरुणीला फसवणारा प्रियकर म्हणजे वेषांतर केलेला तिचा सावत्र बापच आहे हे होम्सला कळते, आणि ते तिला न सांगण्याचे तो ठरवतो, कारण तिला ते पटणार नाही असे त्याला वाटते. जिचा प्रश्न होता तिलाच उत्तर मिळत नाही. बुद्धीचा विजय आणि न्यायाचा पराभव एकाच वेळी होतो. दुसरीकडे 'ब्लू कार्बंकल' मध्ये भेदरलेल्या चोराला तो नाताळच्या दिवसांत सोडून देतो, कारण तुरुंगाने तो कायमचा गुन्हेगार होईल हे त्याला दिसते. १९३४ च्या ओरिएंट एक्स्प्रेसवरील कादंबरीत पॉयरो दोन उत्तरे मांडतो आणि खोटे उत्तर पोलिसांकडे जाऊ देतो. डोरोथी सेयर्स यांचा लॉर्ड पीटर विम्झी हा याहून वेगळा आहे. १९३७ च्या 'बसमन्स हनीमून' मध्ये आपण पकडून दिलेल्या माणसाच्या फाशीच्या पहाटे तो ढासळतो आणि रडतो. शोध हा खेळ असला तरी त्याचे पर्यवसान एका माणसाच्या मृत्यूत होते, हे विसरण्याची मुभा सेयर्स वाचकाला देत नाहीत. जॉर्ज सिमेनाँ यांचा पॅरिसचा पोलिस अधिकारी मेग्रे तर निवाडा करण्याऐवजी समजून घेण्यालाच आपले काम मानतो; तो गुन्ह्याच्या वस्तीत जाऊन बसतो, तेथले खाणेपिणे, वास, आवाज अंगात मुरवून घेतो, आणि मोडलेल्या आयुष्यांची डागडुजी करणारा कोणीतरी असावा अशी त्याची जुनी इच्छा असते.

भारतात या परंपरेला सर्वांत अर्थपूर्ण नाव मिळाले ते बंगालीत. शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश बक्षी १९३२ पासून कथांतून वावरू लागला आणि 'डिटेक्टिव्ह' ही उपाधी नाकारून त्याने स्वतःला 'सत्यान्वेषी' म्हणवले. शरदिंदु १९३८ मध्ये चित्रपटलेखनासाठी मुंबईस आले आणि १९५२ पासून पुण्यात राहिले. म्हणजे कोलकात्याच्या या शोधकाच्या पुढच्या काळातील पुष्कळ कथा पुण्याच्या वास्तव्यात लिहिल्या गेल्या. ब्योमकेश संसारी आहे, मध्यमवर्गीय आहे, आणि गुन्ह्याची मुळे तो घराच्या चार भिंतींत, वारसाहक्कात, लोभात, कामवासनेत शोधतो. सत्यजित राय यांचा फेलूदा १९६५ पासून किशोरांसाठी लिहिला गेला. त्याच्या वेरूळच्या कैलास लेण्याभोवती घडणाऱ्या कथेत प्राचीन शिल्पांची तस्करी हा गुन्हा आहे, म्हणजे तेथे फिर्यादी कोणी एक व्यक्ती नसून सारा समाज आहे.

मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक पुस्तके लिहून झुंजार आणि काळापहाड यांना घराघरांत पोहोचवले आणि कित्येकांना वाचनाची गोडी लावली. त्यांचा भर अनुमानापेक्षा साहसावर होता, आणि तो त्यांचा वेगळा धर्म होता. येथे मांडलेल्या कसोटीला अधिक जवळचा ठरतो तो भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा हा किडकिडीत मुलगा मोठ्यांच्या जगात मुक्तपणे हिंडू शकतो, कारण लहान मुलाला साक्षीदार म्हणून कोणी मोजत नाही. जो टपालवाल्याच्या बाबतीत अंधपणा होता तोच येथे मुलाच्या उपयोगी पडतो. मिस मार्पलही लोकरीचे विणकाम करीत कोपऱ्यात बसते तेव्हा याच दुर्लक्षाचा लाभ घेते, आणि पॉयरोचे मोडके इंग्रजीही त्याच कामाचे असते. ज्यांना कोणी मोजत नाही ते सर्वाधिक पाहतात, हे या तिघांतील समान सूत्र आहे.

या साऱ्या तुलनेतून क्रम लावायचाच झाला तर अनुमानाच्या शुद्ध तेजात होम्सला तोड नाही, शब्दांच्या पारखीत पॉयरो अग्रगण्य आहे, अंतःकरणाच्या ज्ञानात ब्राउन. परंतु शोधक म्हणून सर्वांत श्रेष्ठ मिस मार्पल ठरते, कारण तिचे ज्ञान आणि तिचा न्याय एकाच मुळातून येतात. 'पॉकेट फुल ऑफ राय' च्या शेवटी सर्व उलगडून झाल्यावर ती घरी परतते, तेव्हा ग्लॅडिसने मरणापूर्वी पाठवलेले पत्र तिची वाट पाहत असते. त्या भाबड्या पोरीने त्यात मदत मागितलेली असते आणि आपल्या प्रियकराचे, म्हणजे खुन्याचे, छायाचित्रही जोडलेले असते. ज्या पुराव्याने तर्काची सारी शर्थ अनावश्यक ठरली असती तो एका मोलकरणीने आपल्या हाताने टपालात टाकला होता. मार्पलच्या मनात तेव्हा आधी दया दाटते, मग संताप, आणि त्यानंतरच अचूक ठरल्याचे समाधान येते. भावनांचा हाच क्रम शोधकाच्या थोरवीचे खरे माप आहे.